मोरी, गोठा आणि मलबा: जुनी चांदीची नाणी शोधायला निघालेल्यांसाठी

आमचा इंदूरच्या रामबागेतला वाडा पाडायला घेतला तेव्हा काकाने ठेकेदाराशी सगळ्याचा हिशेब केला. सागवानी खांब, बिजागऱ्या, दगडी उंबरठा, जिन्याचा कठडा, एकेकाचा भाव ठरला. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीवरची माती तेवढी फुकटात देऊन टाकली. ट्रॅक्टरवाला ती उचलणार तेवढ्यात मी मेटल डिटेक्टर घेऊन पोचलो. मुकादम हसला, "भिया, इसमें खीले के सिवा कुछ नी है." खिळे होतेच, अर्धी बादली निघाले. त्याच मातीतून एक चवलीही, म्हणजे दोन आण्यांचं नाणंही, निघाली, सातव्या एडवर्डची, १९०७ सालची. शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी आणि बटणासारखीच काळी.

हा लेख अशा चवल्या-पावल्यांसाठी (पावली म्हणजे चार आणे) आहे. नागाने राखलेला मोहरांचा हंडा हवा असेल त्यांनी दुसरीकडे पाहावं; त्या वाटेवर आधी मांत्रिक भेटतो आणि मागून पोलीस.

१. आधी कागद

मशीन घेण्याआधी तीन कायदे समजून घ्या. पहिला १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत, किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या कशातही, दडलेली मोलाची वस्तू सापडली आणि तिची किंमत १० रुपयांहून जास्त असली, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं. १० रुपये हा आकडा १८७८ चा आहे. आज चवलीतली सव्वा ग्रॅम चांदीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे जाते, म्हणजे चांदीचं कुठलंही नाणं या कायद्यात येणार असं धरूनच चाला. आणि "जमिनीला जोडलेलं" म्हणजे घराची भिंत, पाया, मजलाही आला. "ही तर आमच्याच वाड्याची माती" ही पळवाट नाही.

दुसरा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. राज्याची संरक्षित स्मारकं वेगळी. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग यांच्या आसपास मशीन पिशवीतून बाहेरही काढू नका. नदीकाठ, बागा, मैदानं यांनाही मालक असतो, फक्त तो ऑफिसात बसतो. तिसरा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा: १०० वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि तुम्हाआम्हाला ते परदेशी पाठवता येत नाही.

मग उरतं काय? स्वतःचं घर, नातेवाइकांचा वाडा, ओळखीच्या माणसाचं शेत, तेही मालकाच्या सहीच्या चिठ्ठीनिशी. म्हणजे ज्या जागांकडे कुणी ढुंकून बघत नाही त्याच आपल्या वाट्याला येतात. आणि खरं सांगायचं तर चांदी तिथेच जास्त हरवलेली असते.

२. नाणं हरवतं कुठे

नवखा माणूस इतिहास शोधायला निघतो: गढी, जुनी वेस, छावणीचं मैदान. नाणं हरवायला इतिहास लागत नाही. अंधार, ओला हात आणि वाकलेलं शरीर एवढं पुरतं. पूर्वी पैसा कनवटीला असे, चंचीत असे, नाहीतर पदराच्या गाठीत. कनवट सुटते कधी? धार काढायला उकिडवं बसताना, धुणं आपटताना, चुलीत फुंकर घालताना. रुपया पडला की खणकन वाजतो, घरातली सगळी माणसं कंदील घेऊन जमिनीला नाक लावतात आणि सापडेपर्यंत कुणी जेवत नाही. चवली मात्र शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली की हूं की चूं करत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून सारवणाचा हात फिरतो, आठवड्याने पुन्हा फिरतो. दर वेळी कागदाएवढा थर. वर्षभरात ती जमिनीचाच भाग झालेली असते.

म्हणून माझा पहिला पत्ता तक्तपोशी. जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याला लाकडी फळ्या, त्यांच्यावर मातीचा जाड थर आणि वरून सारवण. वाडा उतरवताना ही माती सगळ्यात आधी खाली येते आणि सगळ्यात आधी फेकली जाते. ती अडवा. अंगणात ताडपत्री पसरून माती चार बोटं जाडीने पसरा. आधी दोरीला बांधलेलं जाडजूड लोहचुंबक तिच्यावरून ओढा, खिळे निघून जातील. चांदी चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे काही गमावण्याची भीती नाही. मग मशीन फिरवा आणि जिथे वाजेल तेवढीच ओंजळ चाळणीत घ्या. जमीन खणायचा प्रश्नच नाही. नवख्यासाठी याहून चांगली शाळा नाही. ताडपत्री मात्र लोखंडी सळ्यांच्या स्लॅबवर पसरू नका, खालच्या सळया सतत वाजत राहतील.

दुसरा पत्ता मोरी. न्हाणीघरातून पाणी बाहेर जिथे पडतं तिथे दगडी पन्हाळीखाली गाळ साठलेला असतो. वास येतो, मान्य आहे. अंघोळीच्या वेळी काढून कोनाड्यात ठेवलेल्या वस्तू याच वाटेने जातात: जोडवी, मासोळ्या, कानातल्याचं मळसूत्र, आणि कधीतरी पावली. पन्हाळीच्या तोंडापासून हातभर अंतरात जे असेल ते असतं; पुढे गाळ पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो.

गोठ्यात गव्हाणीच्या पुढचा भाग सोडा, तिथे साखळ्यांचे तुकडे आणि नालांचे खिळेच वाजतात. धार काढणारा बसतो ती बाजू बघा. परसात धुण्याचा दगड असेल तर त्याच्याभोवती अर्ध्या हाताचं रिंगण. उकिरड्यात चुलीची राख वर्षानुवर्षं पडलेली असते आणि राखेबरोबर काय काय गेलं याचा पत्ता राख टाकणारीलाही नसतो.

राहता राहिला मलबा. इंदुरात वाडे पडले तेव्हा त्यांचा राडारोडा ट्रॉलीने जाऊन खोलगट प्लॉटांच्या भरावात पडला. अशा भरावावर कुणी मशीन फिरवत नाही, कारण जागा नवी दिसते. मालक ओळखीचा असेल आणि खाली जुन्या चुन्याचे, चपट्या विटांचे तुकडे दिसत असतील तर एक सकाळ द्यायला हरकत नाही. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तिथे सिमेंटच्या युगातला कचराही तेवढाच असतो.

एक जागा मुद्दाम सोडायची. पायाभरणीच्या वेळी पूजेबरोबर पायात नाणं ठेवायची रीत आहे. पायाच्या कोपऱ्यात खणखणीत आवाज आला आणि जवळ कलश किंवा सुपारीसारखं काही दिसलं, तर हात थांबवा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलवा. ते हरवलेलं नाही, ठेवलेलं आहे.

३. माळव्याची काळी माती

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा पाय इथे घसरतो. आपली माती बेसॉल्ट झिजून झालेली, त्यामुळे तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. ग्राउंड बॅलन्स न करता, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वगळायला न लावता, मशीन चालू केलंत तर जमीन स्वतःच कुरकुरते. रिकाम्या जागी कॉइल (मशीनच्या टोकाची गोल चकती) जमिनीपासून चार बोटांवर धरून वर-खाली करा आणि आवाज शांत होईपर्यंत बॅलन्स लावा. तरीही कुरकुर थांबत नसेल तर सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणा. सेन्सिटिव्हिटी वर ठेवली की खोल दिसतं ही समजूत या मातीत उलटी पडते. कुरकुरीतच नाण्याचा आवाज बुडून जातो.

शेतात आणखी एक गंमत. काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं काहीही त्यांत जातं. पावसात फुगून भेगा मिटतात. हे दर वर्षी चालू असतं, म्हणजे जमीन स्वतःला हळूहळू कालवत असते. त्यामुळे "जितकं खोल तितकं जुनं" हा हिशेब इथे धरू नका. आत्याच्या देपालपूरकडच्या शेतात मला एका वाफ्यात दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं वीतभर खाली मिळालं आणि राणीछाप रुपया चार बोटांवर. खणायला दिवाळीच्या आसपासचे दिवस चांगले, माती ओलसर असते. मे महिन्यात तिच्यावर खुरपी वाजते.

४. मशीनचा आवाज ओळखणं

कुठलं मशीन घ्यावं यावर लोक रात्र काढतात. टार्गेटचा आकडा, म्हणजे खालची वस्तू कोणत्या धातूची असावी ते सुचवणारा आकडा, दाखवणारं, ग्राउंड बॅलन्स हाताने लावता येणारं आणि लहान कॉइल बसवता येणारं मधल्या किमतीचं घ्या, विषय संपला. वाड्यात, खिळ्यांच्या गर्दीत, लहान कॉइलच लागते. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन खिळे आणि एक चवली आली तर मशीन खिळ्यांचंच ऐकतं.

बाहेर पडण्याआधी घरी कुंडीत धडा गिरवा. आजीच्या डब्यातला एक रुपया आणि एक चवली घ्या. रिकाम्या कुंडीत दोन बोटांवर पुरून आकडा लिहून घ्या, मग चार बोटांवर, मग वीतभर. तसंच एक खिळा, बाटलीचं बूच, गोळ्यांची रिकामी पट्टी, सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी आणि १९६४ नंतरचे ॲल्युमिनियमचे पैसे. चांदी विजेची उत्तम वाहक, त्यामुळे रुपयाचा आकडा मापाच्या वरच्या टोकाला जातो. चवली लहान आणि पातळ असल्याने बरीच खाली येते आणि नेमकी ॲल्युमिनियमच्या गर्दीत जाऊन बसते. "कचऱ्याचे आकडे" मशीनमधून बंद करून टाकणाऱ्याला चवली कधीच सापडत नाही, त्याचं कारण हेच. बाटलीचं पत्र्याचं बूच तर बहुरूपी आहे, एकदा चांदी होतं, एकदा लोखंड.

वाजलं की एकदा उत्तर-दक्षिण फिरवा, मग स्वतः चौथा हिस्सा वळून पूर्व-पश्चिम. दोन्हीकडून आवाज गोल, आखूड आणि आकडा जवळजवळ तोच असेल तर खणा. एका दिशेने गोड आणि दुसरीकडून खरखर, तर बहुधा वाकडा खिळा. कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवा. अंगणाला रांगोळी घालताना हात जसा संथ जातो तसा. मी पहिल्या महिन्यात झाडू मारल्यासारखं फिरवत होतो आणि एका गोठ्यातून फक्त नाल घेऊन आलो.

५. खणताना

पहार, कुदळ घरी ठेवा. खुरपी, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला लहान डिटेक्टर), लहान ब्रश आणि एक जुनं ताट एवढं पुरे. नाण्याच्या मध्यावर कधीच खुपसायचं नाही. वीतभर बाजूने तिरपं कापून ढेकूळ उचला, ताटात ठेवा आणि पिनपॉइंटर लावत फोडा. ही शिस्त मी देपालपूरच्या त्या राणीछाप रुपयावर शिकलो. घाईत सरळ खुरपी घातली आणि राणीच्या कानापासून हनुवटीपर्यंत चकचकीत पांढरी रेघ उमटली. शंभर-सव्वाशे वर्षं मातीने जपलं, मी अर्ध्या सेकंदात कापलं. खड्डा त्याच मातीने बुजवा, पायाने दाबा. वाड्यात खणण्याआधी नळाची आणि विजेची लाइन कुठून गेली आहे ते विचारा.

एका जागी तीन-चार नाणी चिकटून निघाली किंवा मडक्याची खापरी लागली, तर तिथेच थांबा. आहे तसा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. तो हरवलेला पैसा नाही, पुरलेला आहे, आणि पुढचं काम पुरातत्त्व खात्याचं आहे.

६. हातात आलं ते काय

०.०१ ग्रॅम दाखवणारा लहान काटा आणि चुंबक खिशात ठेवा. इंग्रजी अमलातला कलदार रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. अधेली (अर्धा रुपया) ५.८३, पावली २.९२, चवली १.४६. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल. १८३५ पासून ही नाणी ९१.७ टक्के चांदीची होती. १९४० मध्ये चांदी ५० टक्क्यांवर आली, तेव्हापासूनची सहाव्या जॉर्जची नाणी मातीत हिरवट पडतात. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चटकन चिकटतो; त्याला चांदी समजून बरेच जण पेढे वाटून बसतात.

चांदी खरी आहे का हे घरीच कळतं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. जुना रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो. पन्नास टक्केवाला १.२२ च्या जवळ जातो, आणि तांब्यावर मुलामा दिलेला १.३० च्या आसपास. चवलीवर हा प्रयोग करू नका, फरक काट्याच्या चुकीतच हरवतो.

होळकरी रुपया वेगळा ओळखू येतो. तो हातोड्याने ठोकलेला, लहान आणि जाड, सुमारे ११ ग्रॅमचा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने मजकूर कडेला कापला गेलेला असतो. मजकूर फारसी, नाव शाह आलम बादशहाचं, आणि आपली ओळख एका चिन्हात. मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीच्या नाण्यावर चेहरा असलेला सूर्य. महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान. वीस वर्षं सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या माझ्या मित्राला हे चिन्ह पहिल्यांदा दिसलं ते एका पेढीवर, मोडीत आलेल्या हमेलीतल्या (नाण्यांच्या माळेतल्या) रुपयावर. मोडीचा डबा ही पण एक रद्दी जागा आहे, आणि तिथे खणावं लागत नाही. मात्र तिथून घेताना पावती घ्याच.

पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया मिळाला तर राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगातून बघा. आखूड सोंडेमुळे तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारने ती नाणी मागे घेतली. पुढच्या वर्षी सोंड लांब झाली.

७. घासू नका

हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. राणीछाप रुपया मी ओसरीवर वाळत ठेवून हात धुवायला गेलो, परत येईतो आत्याने तो राखुंडीने लख्ख करून देवापुढे ठेवला होता. "अरे, किती काळं पडलं होतं!" तिच्या डोळ्यांत कौतुक होतं, मी काय बोलणार? राणीचे केस मात्र तिच्यासारखेच विरळ झाले होते.

काळा थर म्हणजे चांदीवर बसलेलं गंधकाचं संयुग, ते नाण्याचं नुकसान करत नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राखुंडी, सोडा यांपैकी काहीही लावायचं नाही. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवा, माती आपोआप सुटते. अडकलेला कण बाभळीच्या ओल्या काट्याने अलगद काढा, धातूच्या सुईने नको. मऊ सुती कापडावर टिपा, पुसू नका. कोरडं झालं की साध्या कागदाच्या पाकिटात. रबरबँड जवळपासही नको, त्यातल्या गंधकाने चांदी पट्ट्यापट्ट्यांनी काळी पडते.

८. अर्ज

जिल्हाधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती. काय सापडलं, वजन, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला आणि जागेच्या मालकाचं नाव. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो. दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती वहीत चिकटवा. वस्तू तिजोरीत जमा करायची की हमी देऊन स्वतःकडे ठेवायची, हे तिथे ठरतं. कळवलं नाही तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि १ वर्षापर्यंत कैद किंवा दंडही होऊ शकतो.

चौकशीनंतर वस्तू बेवारस ठरली आणि जागेच्या मालकाशी आधी काही वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला ती हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ठेवून घेता येते. हे सगळं मी काकाला समजावून सांगितलं, तेव्हा त्याने चश्मा वर करून हिशेब केला. चवलीचा पाव म्हणजे जुने दोन पैसे. "लिहून दे," म्हणाला. अर्जाच्या पोचपावतीखाली ती चिठ्ठीही आता वहीत आहे, काकाच्या सहीसकट.